बी विंग – फक्त कामाचे मेसेज

बी-३०२ वहिनी: मे महिन्यात ग्रुपवर ज्या डेंटिस्टची आरती ओवाळली गेली, त्याच्याकडे केलेली माझी वरची दाढ काल रात्रभर ठणकली. रूट कॅनाल अधिक कॅप, १४ हजार. सुचवणाऱ्यांनी आठवावं.

बी-१०४ काका: मी तेव्हाच म्हटलं होतं. दाढ काढून टाका.

बी-५०१: सुचवलं मी, सरळ बोला वहिनी 🙏 माझी दाढ ६ वर्षं ठणठणीत आहे.

सेक्रेटरी: शुक्रवारी टाकी सफाई. पाणी १० ते ४ बंद.

बी-४०३ (बीडीएस): काकू, नंतरचा एक्सरे आहे? भरलेलं मटेरियल मुळाच्या टोकापर्यंत किंवा फार तर २ मिमी अलीकडे संपायला हवं, टोकाबाहेर नको. मध्ये काळ्या फटी नकोत. वरच्या पहिल्या दाढेत बऱ्याचदा चौथा कॅनालही (मुळातली बारीक नळी) असतो. तो राहिला तर ठणका परत.

बी-३०२ वहिनी: एक्सरे कसला! बिलसुद्धा वहीच्या पानावर.

बी-१०४ काका: दाढ काढा.

बी-२०१: काका, तुमच्या किती उरल्यात? 😂

बी-१०४ काका: सगळे मिळून ११. एकही दुखत नाही.

बी-५०१: एक्सरे मागावा लागतो. मी मागून घेतला होता.

बी-३०२ वहिनी: तुम्ही सगळंच मागून घेता. पार्किंगसुद्धा.

सेक्रेटरी: पार्किंग एजीएममध्ये. शुक्रवारी पाणी १० ते ४ बंद.

बी-४०३ (बीडीएस): कॅप कधी बसवली?

बी-३०२ वहिनी: ३ महिन्यांनी. आधी मुलाची ॲडमिशन, मग गणपती. तात्पुरतं सिमेंट मोदक खातानाच पडलं.

बी-४०३ (बीडीएस): अहो काकू! आतलं काम कितीही चोख असो, वरून लाळ झिरपली की जंतू परत आत. आता कॅपच्या कडेने फ्लॉस फिरवा. अडकला, धागे सुटले तर कड नीट बसलेली नाही. चावताना तीच दाढ आधी टेकते का? मग निळा कागद चावायला देऊन उंचवटा घासतात.

बी-५०१: 😊

बी-३०२ वहिनी: ह्या स्माइलीचा अर्थ?

बी-५०१: काही नाही. मोदक आठवले.

बी-४०३ (बीडीएस): मुंबई सेंट्रलला नायर डेंटलमध्ये दाखवा, एक्सरे काढतील. सकाळी लवकर जा. रूट कॅनाल पुन्हा करता येतं, लगेच काढायला नको.

बी-१०४ काका: काढा.

बी-३०२ वहिनी: शुक्रवारीच जाते.

बी-२०१: शुक्रवारी पाणी आहे ना?

सेक्रेटरी: 🙏