टोनी लेविनसारखी लांब कारकीर्द: रॉक बेसिस्टनं त्यातून नेमकं काय उचलावं?

खालचीतार (नांदेड)

चार तारांचा बेस गिटार वाजवायलोय, बहुतेक रॉकच. आपल्याकडं रॉक म्हणजे कॉलेजचं गॅदरिंग, बाकी वर्ष कोरडं. आता एप्रिलमध्ये भीमगीतांच्या पार्टीत वाजवायला बोलावणं आहे, पुढं लग्नसराईचा ऑर्केस्ट्रा. अमेरिकन बेसिस्ट टोनी लेविन बघा: पॉल सायमन, जॉन लेनन, पीटर गॅब्रिएल, किंग क्रिमसन आणि पिंक फ्लॉइड हे बँड, सगळीकडं हाच माणूस. एवढ्या वेगळ्या लोकांना एकच बेसिस्ट का लागतो? त्यातलं इथं काय कामाला येईल? पाच तारांचा बेस किंवा चॅपमन स्टिक (लेविन वाजवतो ते तारांचं वाद्य) घ्यावी का?

पांढरीपाच (छत्रपती संभाजीनगर)

लेविनची सुरुवात रॉकमध्ये झालीच नाही, हे आधी लक्षात घ्या. जन्म १९४६, बोस्टन. लहानपणी उभा डबल बेस, मग रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीत विद्यालयात पाश्चात्त्य शास्त्रीय शिक्षण. तिथंच ड्रमर स्टीव्ह गॅड भेटला. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कला आला तो समोर ठेवलेलं नोटेशन बघून लगेच वाजवणारा म्हणून, आणि स्टुडिओत तासावर पैसे मोजणाऱ्याला असाच माणूस हवा असतो. पॉल सायमनच्या १९७५ च्या अल्बममध्ये लेविन आणि गॅड एकत्र आहेत.

पुढचं काम माणसांमुळं आलं. निर्माता बॉब एझ्रिननं त्याला गॅब्रिएलच्या १९७७ च्या पहिल्या एकल अल्बमला बोलावलं. त्याच अल्बमवर रॉबर्ट फ्रिप गिटारला होता. १९८१ मध्ये फ्रिपनं किंग क्रिमसन नव्यानं उभं केलं तेव्हा बेसला लेविन. १९८७ च्या पिंक फ्लॉइडच्या अल्बमचा सहनिर्माता पुन्हा एझ्रिनच. एका ठिकाणी नीट वाजवलं की पुढचा फोन तिथूनच येतो. तुमच्या भीमगीतांच्या पार्टीलाही हेच लागू आहे: ढोलकीवाला आणि कीबोर्डवाला चार पार्ट्यांत वाजवतात, तुमचं नाव तेच पुढं नेणार.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. तो गाण्याला हवा तो आवाज हातातल्या वस्तूतून काढतो. गॅब्रिएलच्या १९८६ च्या अल्बममधल्या ‘डोन्ट गिव्ह अप’च्या शेवटच्या भागात बोथट, दाबलेला आवाज हवा होता, तर त्यानं तारांखाली बाळाचा डायपर सरकवला. त्याच अल्बमच्या ‘बिग टाइम’मध्ये ड्रमर जेरी मारोटा काठ्यांनी तारांवर मारत होता आणि लेविन डाव्या हातानं सूर धरत होता. त्यातून पुढं बोटांना काठीचे तुकडे बांधून वाजवायची युक्ती निघाली, तिला फंक फिंगर्स म्हणतात.

तुम्ही डायपरऐवजी स्पंजची पट्टी घ्या. ब्रिजला (तारा खाली टेकतात त्या पट्टीला) चिकटून, चारही तारांखाली. तार नुसती टेकली पाहिजे. स्पंज जाड झाला तर तार वर ढकलली जाते, सूर चढा लागतो आणि आवाज ‘टक’ करून मरतो.

स्टिक आत्ता घेऊ नका. ती दोन्ही हातांनी ठोकून वाजवतात, आणि बेसच्या बाजूच्या तारा पंचमाच्या अंतरानं लावलेल्या असतात. तुमच्या बेसच्या तारा मध्यमाच्या अंतरानं आहेत, म्हणजे बोटांची सगळी सवय नव्यानं लावावी लागेल.

धागेनाती (परभणी)

दादा, वरचं सगळं पटलं, पण पार्टीत पहिली अडचण पट्टीची येते. रॉकमध्ये ई, ए, डी म्हणजे मोकळ्या तारांवर घर असतं. इथं गायक काळी चार, काळी पाच सांगतो. काळी चार म्हणजे जी शार्प: षड्ज खालच्या तारेवर चौथ्या पडद्यावर, भूप अंगाची चाल असेल तर एकही मोकळी तार उपयोगाची नाही. म्हणून प्रत्येक गाणं सरगममध्ये लिहा, कॉर्डच्या नावानं नको. सा, म, प कुठं बदलतात एवढं टिपलं की ऐनवेळी पट्टी बदलली तरी हात सरकवून काम भागतं.

कीबोर्डवाल्याच्या बोटांकडं बघून सूर धरू नका. त्यानं ट्रान्सपोज दाबलेलं असतं; बोटं पांढरी एकवर आणि आवाज काळी चारचा. कानानं धरा किंवा आधी विचारून घ्या. त्याचा डावा हात खाली बेस वाजवत असेल तर तेही आधीच ठरवा, दोघांनी खाली वाजवलं की नुसता गोंगाट होतो.

केरव्यात आठही मात्रा भरायची रॉकची सवय सोडा. ढोलकीचा खालचा घुमारा आणि ऑक्टापॅडची (इलेक्ट्रॉनिक ड्रमची) किक त्याच जागेत आहेत. पहिल्या मात्रेवर षड्ज, चौथीवर पंचम, सातवीवर परत षड्ज, आणि मधे तार दाबून पूर्ण शांत. सूर किती वेळ लांबवायचा आणि कुठं तोडायचा, यावरच पार्टीतला बेस ओळखला जातो.

खालचीतार (नांदेड)

सरगमचं लगेच सुरू करतो. स्पंज लावून बघितला, घरी अँपवर आवाज एकदम गोल आला. खेड्यातल्या कार्यक्रमातही हाच ठेवू का?

मंडपसाउंड (लातूर)

भाऊ, तिथं स्पंज काढून ठेवा! खेड्यात भोंगे असतील तर खालचे सूर त्यातून निघतच नाहीत. तुमची सगळ्यांत जाड तार मोकळी वाजवली तर ४१ हर्ट्झ. भोंगा त्याच्या कितीतरी वर सुरू होतो. लोकांना ऐकू येतात ते त्या सुराचे वरचे स्वरांश, आणि स्पंज नेमके तेच खातो. भोंग्यावर नव्या तारा, प्लेक्ट्रम (तार छेडायची चकती), ब्रिजजवळचा पिकअप (तारेचा आवाज उचलणारा भाग), आणि मिक्सरवर ७००-८०० हर्ट्झच्या आसपास थोडी उचल. मोठ्या मैदानात, १४ जानेवारीच्या नामविस्तार दिनासारख्या कार्यक्रमात, खाली १८ इंची बेसचे बॉक्स असतील तर स्पंज लावा, पण ४० हर्ट्झच्या खालचं कापायला सांगा.

बेस थेट मिक्सरच्या लाइनला खुपसू नका. साध्या पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसला साधारण दहा लाख ओहमचा इनपुट लागतो, लाइनला दहा-वीस हजारच असतो. आवाज मेल्यासारखा येतो. डीआय बॉक्स (बेस आणि मिक्सरच्या मधे लावायची पेटी) स्वतःचा ठेवा. जनरेटरवर हम् आली तर बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट दाबा. अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन कोणी काढायला लागला तर अजिबात काढू देऊ नका, माइकला ओठ लावणाऱ्या गायकाला शॉक बसतो. बेस अ‍ॅक्टिव्ह असेल तर वाजवून झाल्यावर केबल उपसा, नाहीतर ९ व्होल्टची बॅटरी विनाकारण उतरत राहते.

पाच तारांचा विचार पार्टीपुरता सोडा. पाचवी तार ३१ हर्ट्झची, ती या साउंडवर कोणालाच ऐकू येणार नाही.

आणि एप्रिलचं ऊन. बेस गाडीच्या डिकीत ठेवू नका. कोरड्या हवेत मान सरळ होते किंवा उलटी वाकते आणि पहिल्या चार-पाच पडद्यांवर तार खरखरते. तपासायला पहिल्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटचा पडदा दाबा, सातव्या-आठव्यावर तार आणि पडद्यात ०.३ ते ०.४ मिलिमीटर फट हवी. फट नसेल तर ट्रस रॉड (मानेतली सळई) घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला पाव फेरा सैल करा, तारा परत सुरात लावा, एक रात्र थांबा, मग पुन्हा मोजा. पावसाळ्यात मान पुढं येऊन तारा वर उठतील, तेव्हा तेवढंच आवळावं लागेल.