घरी ब्रेड करायला शिकताना - तुमचे अनुभव लिहा

कपाट आवरताना जुनी वही सापडली. एका पानावर पीठ चिकटून वाळलंय आणि खाली आईच्या अक्षरात, "मैदा 500 ग्रॅम, पाणी 325, मीठ 10, इन्स्टंट यीस्ट 5". नोकरी संपल्यावर ती ब्रेड शिकली आणि तिच्या मागेमागे मी. सगळ्यात आधी तिने वजनकाटा आणायला लावला, कपाने मोजायचं नाही म्हणायची, पीठ दाबून भरलं की वजन पार बदलतं. तेव्हा मला ती कटकट वाटायची, पण पाणी पिठाच्या 65 टक्के हा एक आकडा पक्का असला ना की पीठ हाताला चिकटलं तरी घाबरून वरून मैदा ओतला जात नाही, मळत राहिलं की ते आपोआप सुटतं. आणि तिचं दुसरं सांगणं, घड्याळ बघू नकोस, भांड्यात पीठ किती फुगलंय ते बघ. थंडीत दुप्पट वेळ लागतो, लागू दे. तुम्ही कसे शिकलात? जे आठवेल ते लिहा.

---

आईचं अक्षर वाचून भरून आलं. त्या पानाचा फोटो काढून ठेवा आजच, शाई पुसट होते हो.

---

यीस्ट! कोमट पाणी म्हणजे नक्की किती कोमट हे कुणी सांगतच नाही. शेवटी थर्मामीटर आणला. साधारण 38 ते 40 अंश, म्हणजे बोटाला जेमतेम गरम लागेल इतपत. 60 च्या आसपास गेलं की यीस्ट मरतं मग कितीही वाट बघा काही होत नाही. सुकं दाणेदार यीस्ट असेल तर चिमूटभर साखर घालून दहा मिनिटं ठेवायचं, फेस आला तर पुढे जायचं, नाही आला तर तिथेच थांबायचं म्हणजे पीठ तरी वाचतं. इन्स्टंटला हे लागत नाही ते सरळ पिठात. बाळ उठलं, बाकीचं नंतर लिहिते

---

माझं मनगट दुखतं त्यामुळे मळणं बंदच. मला न मळायच्या ब्रेडनं तारलं. बेकर जिम लेही यांची पद्धत, 2006 मध्ये मार्क बिटमन यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिली होती. पाव चमचा यीस्ट, सैलसर पीठ, आणि 12 ते 18 तास झाकून ठेवून द्यायचं, मळण्याचं काम वेळच करतो. मग जड झाकणाचं भांडं ओव्हनमध्ये सणसणीत तापवून त्यात भाजायचं. झाकणामुळे पिठातलीच वाफ आत कोंडते, वरचं कवच लगेच कडक होत नाही आणि ब्रेडला फुगायला वाव मिळतो. गरम भांडं धरताना जपून मात्र, जाड हातमोजे घाला, झाकण उघडताना चेहरा लांब.

---

मनगटाला काय करता तुम्ही? मलाही हाच त्रास आहे, शेक घेऊन तेवढ्यापुरतं बरं वाटतं

---

शेक आणि विश्रांती. डॉक्टरांना दाखवा पण, अंगावर काढू नका.

---

आंबवणाचा, म्हणजे विकतच्या यीस्टऐवजी पीठ-पाणी आंबवून करतात त्या सावरडोचा अनुभव लिहितो कारण नवीन लोक इथेच सोडून देतात. पीठ आणि पाणी समान वजनाचं, रोज थोडं काढून टाकायचं नि ताजं घालायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते जोरात वर येतं, सगळे खूश, आणि मग एकदम शांत!! मेलं समजून लोक फेकतात. अहो ते मेलेलं नसतं. पहिली उसळी बहुतेक बॅक्टेरियाची असते, आंबटपणा वाढला की ते मागे पडतात आणि यीस्टला जम बसवायला आणखी काही दिवस लागतात. खायला घालत राहा. एक-दोन आठवड्यांत ते नियमित दुप्पट व्हायला लागतं, आणि त्या दिवशी जो आनंद होतो तो मला शब्दात सांगता येत नाही.

---

तुमचं वाचून माझी बरणी परत ओट्यावर आणली 🙏 आजच टाकणार होते

---

गव्हाच्या पिठाचा करणाऱ्यांसाठी, कोंडा पाणी जास्त पितो आणि ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणारे, धागेही तोडतो, म्हणून पाणी वाढवा आणि भिजवून अर्धा तास तसंच राहू द्या मग मळा. मैद्यासारखा फुगणार नाही. पण चव! मला तोच आवडतो, मुलं मैद्याचा मागतात, आमच्याकडे रोजचा वाद.

---

फ्रीजमध्ये ठेवला की दुसऱ्या दिवशी कडक होतो, सगळ्यांचाच होतो का?

---

सगळ्यांचाच. फ्रीजच्या थंडीत ब्रेडमधला स्टार्च लवकर घट्ट होतो. दोन दिवसांचा बाहेर ठेवा, उरलेला कापून फ्रीझरमध्ये, लागेल तसा काढून भाजा.

---

मी पुन्हा आले, बाळ झोपलं. आत्ता ओव्हनमध्ये आहे माझा, वरून छान तपकिरी दिसतोय, काढू का?

---

ताई, रंगावर जाऊ नका. थर्मामीटर आहेच ना तुमच्याकडे, मध्यभागी खुपसा, 95 च्या आसपास असेल तर काढा. जाळीवर ठेवा आणि तासभर सुरी लावू नका, नाहीतर आतून ओलसर चिकट लागेल.

---

88 आहे. ठेवते अजून