नहपानाच्या नाण्यावर सातकर्णीचा ‘उलटा’ ठसा: दुर्मीळ प्रकार धरायचा का?

मुलुंडकर_संग्रह
फोर्टात एका विक्रेत्याकडे नहपान या क्षत्रप राजाची दोन चांदीची नाणी आहेत, दोन्हींवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने परत ठसा मारलेला. एकावर उज्जैन चिन्ह (अधिक चिन्ह आणि त्याच्या चार टोकांना वर्तुळं) नेमकं नहपानाच्या चेहऱ्यावर बसलंय. दुसऱ्यावर चेहऱ्यावर कमानींची टेकडी आणि उज्जैन चिन्ह मागच्या बाजूला. वजनं २.१२ आणि २.०८ ग्रॅम. दुसरं ‘रेअर व्हरायटी’ म्हणून दुप्पट सांगतोय. घ्यावं का? आणि नकली कसं ओळखायचं?

ठसेपारखी
दुप्पट अजिबात देऊ नका. टाकसाळीत जुनं नाणं खालच्या ठशावर ठेवून वरून घाव घालायचे. चेहरा वर की खाली, हे कोण बघत बसणार? त्यामुळे दोन्ही प्रकार सापडतात. मुळात फेरठशाचं नाणं हीच काही दुर्मीळ गोष्ट नाही. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला जो साठा मिळाला, त्यातल्या तेरा हजारांवर नाण्यांपैकी नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीचा ठसा होता.

खरा फरक ठशात कोरलेला असतो: टेकडीच्या कमानी किती, वर चंद्रकोर आहे का, खालची नागमोडी रेघ कशी, ‘राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ या ब्राह्मी लेखात एखादं अक्षर गळलंय किंवा वेगळ्या वळणाचं आहे का. तोच बारकावा वेगळ्या कोनात बसलेल्या दुसऱ्या नाण्यावर दिसला, तर ठसाच वेगळा म्हणता येईल. एकाच नाण्यावर असेल तर आधी घसरलेला घाव किंवा झीज समजा.

खालच्या नहपानाकडेही बघा. त्याचे चेहरे एकमेकांशी इतके जुळत नाहीत की ही एका माणसाची चित्रं नसावीत, असं साठा अभ्यासणाऱ्या रेव्हरंड स्कॉट यांनाही वाटलं होतं. फेरठशातून नाक-हनुवटी वाचलेलं नाणं मला तरी त्या ‘उलट्या’ ठशापेक्षा मोलाचं वाटतं.

भिंगवाले
नकलीबद्दल. दहापट भिंग घ्या, दिवा आडवा धरा आणि नाणं थोडं थोडं फिरवत बघा. अस्सल फेरठशात नव्या चिन्हाची रेघ जुन्या केसांवरून, कानावरून सलग जाते आणि तिच्या कडेला जुनं चित्र चेपलेलं असतं. ओतीव नकलेत जुनं-नवं दोन्ही सारखंच बोथट, खोलगट भागात बारीक टाचणीएवढी भोकं, काठावर घासलेली सांध्याची रेघ.

सर्वांत खात्रीची खूण वेगळीच आहे. हाताने मारलेला ठसा दोन नाण्यांवर हुबेहूब त्याच जागी, त्याच कोनात बसत नाही. विक्रेत्याच्या ट्रेमध्ये जुनं चित्र आणि नवा ठसा दोन्ही तंतोतंत जुळणारी जोडी दिसली, की दोन्ही एकाच साच्यातली. तिथून उठा.

चांदी शुद्ध आहे का हे घनतेवरून बघायची पाण्यातल्या वजनाची परीक्षा सोन्याचांदीच्या साध्या काट्यावर करू नका. २.१० ग्रॅमचं शुद्ध चांदीचं नाणं जेमतेम ०.२० ग्रॅम पाणी हटवतं. काट्यात ०.०१ चा फरक पडला तरी घनता चांदीच्या १०.५ ऐवजी १० किंवा ११ येते. ०.००१ ग्रॅमचा काटा हवा, नाणं बारीक धाग्याला टांगलेलं आणि त्याला बुडबुडा चिकटलेला नको.

मुलुंडकर_संग्रह
दुसऱ्यावर हिरवट चिकट थर आहे. लिंबू-मीठ चालेल?

ठसेपारखी
लिंबू, चिंच, टूथपेस्ट काहीही नको, पृष्ठभाग कायमचा जातो. चिकट असेल तर बहुतेक पीव्हीसीच्या पाकिटाचा प्रताप. मुंबईच्या दमट हवेत तो लवकर होतो. काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोनमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा बुडवून पुसायच्या ऐवजी तसंच वाळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि रंग असतो. खिडकी उघडी, गॅस बंद. थर कडक आणि खडबडीत असेल तर तो गंज आहे, हात लावू नका. नंतर मायलारचं (पीव्हीसी नसलेल्या पॉलिएस्टरचं) पाकीट, हवाबंद डबा, सिलिका जेल. पावसाळ्यात जेल दर महिन्याला तपासा. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद डब्यात नको, चांदी काळी पडते.

भिंगवाले
एक राहिलं. ‘ग्रेडिंगला (अस्सलपणा आणि दर्जा ठरवून घ्यायला) अमेरिकेला पाठवू’ असं विक्रेता म्हणाला तर नको म्हणा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. बिलावर दोन्ही बाजूंचा फोटो आणि वजन लिहून घ्या. पहिलं नाणं भिंगाखाली टिकलं तर तेच घ्या.