न्यूफाउंडलंड: मासा संपतोय हे कुणालाच कसं कळलं नाही?

भूगोलवेडी: कॅनडाच्या न्यूफाउंडलंडबद्दल वाचतेय. शतकानुशतकं कॉड या माशावर जगलेल्या किनाऱ्यावर २ जुलै १९९२ ला सरकारनं कॉडची मासेमारीच बंद केली. शास्त्रज्ञ होते, कोटे होते, १९७७ पासून २०० सागरी मैलांपर्यंतचा हक्कही होता. मग हे झालंच कसं? आणि त्या गावांचं पुढे काय झालं?

उत्तरवारा: कळलं होतं. ज्यांना कळलं त्यांचं ऐकलं गेलं नाही, याचा मला आजही राग येतो.

मी नोकरीनिमित्त सेंट जॉन्सला, म्हणजे तिथल्या राजधानीत राहिलोय. माझ्या घरमालकीणबाई आधी एका खेड्यातल्या कारखान्यात मासे कापायच्या, नवरा होडीवर. कापायला येणारा कॉड वर्षागणिक लहान होत चाललाय, हे त्यांच्या हातांना ऐंशीच्या दशकातच समजलं होतं. होडीवाले तेच ओरडून सांगत होते.

पण साठ्याचा अंदाज बांधताना मोठ्या ट्रॉलरांना, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या जहाजांना, किती मासळी मिळते याला फार वजन होतं. घात तिथंच झाला. कॉड अंडी घालायला खोल पाण्यात दाटीनं जमतो. साठा कितीही घटू दे, उरलेले मासे जमतातच, आणि सोनार (ध्वनिलहरींनी मासे शोधणारं यंत्र) लावलेला ट्रॉलर नेमका तिथं पोचतो. त्यामुळे तासाभरात मिळणारी मासळी फारशी घटत नाही आणि कागदावर समुद्र भरलेलाच दिसतो. होडीवाला मात्र उन्हाळ्यात कॅपेलिन या छोट्या माशामागे कॉड किनाऱ्याला येईल म्हणून थांबलेला. आटलेल्या साठ्याची झळ पहिली त्याच्या जाळ्याला.

परदेशी जहाजांचा दोष मोठाच. १९६८ मध्ये सुमारे ८ लाख टन उपसा झाला होता. पण १९७७ नंतर ती हटली, तर कॅनडानं स्वतःचे ट्रॉलर वाढवले!

मीठभाकर: गावांबद्दल सांगतो. बंदीनं सुरुवातीलाच सुमारे ३० हजार लोकांचं काम गेलं. भत्ते मिळाले, पण कारखाना बंद म्हणजे नवरा-बायको दोघंही घरी. प्रांताची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत ५.६८ लाख होती, २००६ मध्ये ५.०५ लाख. पुढे खेकडा आणि कोळंबीत पैसा आला, पण त्याला परवाना आणि मोठी बोट लागते. लिटल बे आयलंड्स या गावानं तर मतदान करून स्थलांतर स्वीकारलं आणि २०१९ च्या ३१ डिसेंबरला तिथली वीज तोडली.

भूगोलवेडी: बाप रे. बंदी अजून आहे?

उत्तरवारा: २०२४ मध्ये उठवली, १८ हजार टनांच्या मर्यादेवर. त्यातही ट्रॉलरांना पुन्हा वाटा दिला. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या संघटनेनं कडाडून विरोध केला, आणि माझ्या मते त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे.