सगळं एकच हिरवं होतंय, निसर्गचित्रासाठी सराव सुचवा (वॉटरकलर)

खाचरातला_बगळा:
मंडळी, सुट्टीच्या दिवशी मुळशी-मावळ साइडला ऑन द स्पॉट लँडस्केप करायला जातो. ड्रॉइंग बरं आहे, पर्स्पेक्टिव्हही जमतं. पण होतं काय, झाड बघून झाड रंगवतो मग डोंगर बघून डोंगर मग खाचर बघून खाचर, तिथे बसल्यावर प्रत्येक गोष्ट बरोबर वाटते आणि घरी येऊन लांबून बघितलं की नुसतं हिरवं पांघरूण. डोंगर मागे जात नाही, खाचरात पाणी आहे हे तोंडाने सांगावं लागतं. क्लास लावू, ऑनलाइन कोर्स घेऊ, की घरच्या घरी काही सराव आहे?

इंडिगो_काकू:
क्लासचे पैसे राहू देत खिशात, त्याचा चांगला कागद घे. झाड बघून झाड रंगवतोस तिथेच घोळ आहे. एका वेळी दोन गोष्टी बघायच्या, झाड आणि त्याच्या मागचा डोंगर, आणि विचारायचं की यात गडद कोण, किती गडद, आणि निळसर कोण पिवळसर कोण. बस. डोळे किलकिले कर, पानं-फांद्या-गवत सगळं विरघळून चार-पाच मोठे पॅच उरतात. तुझ्या सीनमधे बहुतेक आभाळ सगळ्यात उजळ, त्यात आभाळ दिसणारं खाचरातलं पाणी त्याच्या किंचित खाली, मग भाताची पिवळट रोपं, मग करडा-निळा डोंगर, आणि आंब्याचं झाड सगळ्यात गडद. हा क्रम कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिही आणि मगच ब्रश उचल.

आणि आंब्याचा तो गडद रंग थोडासा सुरुवातीलाच लावून टाक, चित्र संपेपर्यंत ठेवू नकोस. कोऱ्या पांढऱ्या कागदावर कुठलाही वॉश (पाणी घालून लावलेला पातळ रंग) आहे त्यापेक्षा गडद दिसतो, त्यात वॉटरकलर वाळल्यावर अजून फिका पडतो, म्हणून माणूस घाबरून सगळंच मिळमिळीत लावतो. एक गडद ठिपका शेजारी असला की बाकीचे टोन, म्हणजे कोण किती उजळ-गडद, त्याच्याशी ताडून बघता येतात.

पिक्सेलराव:
एवढं कशाला, मोबाइलवर फोटो काढा ब्लॅक अँड व्हाइट करा, टोन समोर. काही लोक लाल जिलेटिन कागदातून पण बघतात.

इंडिगो_काकू:
लाल कागद पावसाळ्यात बाद, हिरवं सगळं काळं दिसतं, मग ताडणार काय? आणि मोबाइल सावल्या काळ्या करतो नाहीतर आभाळ पांढरं फट्ट करून ठेवतो. सीनचा नको, झालेल्या चित्राचा फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट कर, तिथे खरंच उपयोग होतो.

घाटावरचा:
काकूंना +१. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर सकाळी बसून बघा एकदा. पायऱ्या काळ्या दगडाच्या, म्हणून सगळे पेन्स ग्रे (काळपट निळा-करडा रंग) घेऊन तुटून पडतात. पण तिरपं ऊन पडलं की तोच काळा दगड सावलीत वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतराच्या जवळपास त्याच टोनचा दिसतो! डोकं म्हणतं दगड काळा धोतर पांढरं, डोळ्याचं कुणी ऐकत नाही. ऊन तर कागदावर आणताच येत नाही, कागद पांढरा तो पांढराच, सावली नीट पडली तरच ऊन दिसतं.

चित्रकार हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आठवा, हातात दिवा घेतलेली बाई, म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमधे आहे. वॉटरकलरच आहे. ज्योत हाताआड आहे, तरी बोटांतून उजेड पाझरतो कारण आजूबाजूचं सगळं त्या मानाने दाबलंय.

पिक्सेलराव:
ते घरातलं आहे हो, धागा निसर्गचित्राचा आहे 😄

घाटावरचा:
बघायची रीत तीच की राव.

रंकाळ्याचा_वारा:
निसर्गातलंच हवं तर कोल्हापूरला टाउन हॉल म्युझियममधे चित्रकार आबालाल रहमान यांची चित्रं बघून या. १९३१ साली गेले, कोटितीर्थ तलाव त्यांनी वेगवेगळ्या वेळचा रंगवलाय. आणि पाण्याचं एक सांगतो, उजळ वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा जरा गडद पडतं आणि गडद वस्तूचं जरा उजळ. एवढं सांभाळलं की पाणी सांगावं लागत नाही.

खाचरातला_बगळा:
भारीच! पण काकू, टोन कळला तरी एका हिरव्यातून दुसरा हिरवा कसा वेगळा काढू?

इंडिगो_काकू:
सॅप ग्रीन, म्हणजे तो तयार हिरवा, पेटीतून काढून ठेव, निदान हा पावसाळा. गॅम्बोज (पिवळा) आणि अल्ट्रामरीनमधे (निळा) सगळे हिरवे मिसळ, गडद हवा तिथे गॅम्बोजमधे इंडिगो (गडद निळा), मळका करायला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). मिसळावं लागलं की आपोआप विचारावं लागतं, शेजारच्यापेक्षा पिवळा की निळा. ड्रॉइंग पॅडच्या मागचा करडा पुठ्ठा असतो ना, त्याला पंचिंग मशीनने दोन भोकं पाड शेजारी शेजारी, हात लांब करून एक डोळा मिटून बघ. एका भोकात रोपं एका भोकात डोंगर. डोंगरावर झाडी आहे हे माहीत असल्यामुळे तू त्याला हिरवा लावतोस, भोकातून बघशील तर लांबचा डोंगर बऱ्याचदा हिरवा नसतोच. पानांचंही तसंच, वरच्या बाजूला आभाळाचा निळसर उजेड असतो, आणि ऊन पानाच्या आरपार येतं तिथे पिवळाजर्द.

खाचरातला_बगळा:
पुठ्ठा आत्ताच पाडतो. पाऊस थांबला तर रविवारी ताम्हिणी. कागद केवढा नेऊ?

इंडिगो_काकू:
पाव इंपिरियल (मोठ्या शीटचा चौथा भाग) नको, पोस्टकार्डाएवढे तुकडे ने, ब्रश मोठाच. एका जागी तीन-चार कर, प्रत्येकी फक्त पाच पॅच, पानं काढायची नाहीत. इथे टाक सगळी, बिघडलेली पण.

रंकाळ्याचा_वारा:
आणि हवा दमट असते, कागद लवकर वाळत नाही, हेअर ड्रायरला तिथे वीज कुठली. दोन कागद आलटून पालटून कर, एक वाळेपर्यंत दुसरा.