मूर्ती फुटते ती वाफेने

हाताने घडवलेल्या मानवाकृती भट्टीत फुटतात त्या मातीत अडकलेल्या हवेमुळे, असं या चर्चेत माझ्याआधी दोघांनी लिहिलंय. मला ते पटत नाही. फोडते ती वाफ. वरून कोरडी दिसणारी माती जाड भागात ओली असते. १०० अंशांपुढे त्या पाण्याची वाफ होते आणि वाट मिळाली नाही की तुकडे उडतात. म्हणून डोकं, धड आतून पोकरायचं आणि एक छिद्र ठेवायचं, म्हणजे आतली बाजूही वाळते. मी मूर्ती गालाला लावून बघते. गार लागली तर आत अजून ओल आहे, मग भट्टी थांबते, मागणी कितीही घाईची असो.

चेहऱ्याबद्दल मात्र कुणीच बोललं नाही, आणि माझा सगळा जीव तिथेच असतो. बोटं, कान आधी वाळून आकसतात, धड ओलंच राहतं, मग सांध्यावर तडा जातो. म्हणून बोटांना, कानांना प्लास्टिक गुंडाळून ठेवते. जाड ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, पापणीची घडी, ओठांची कड बुजवून टाकतं. त्यामुळे चेहऱ्याला मी ग्लेझ लावतच नाही. पहिल्या भाजणीनंतर लोह ऑक्साइडची (गंजाच्या रंगाची) पूड कालवलेलं पाणी फिरवून ओल्या स्पंजने पुसते. रंग फक्त खाचांत उरतो आणि नजर स्पष्ट होते.