गणेर फुललाय, पण दवाखान्यात डॉक्टर कुठाय?

धायरीकर: काल इथे एकांनी लिहिलं, पुण्यात वसंत आलाय, वेताळ टेकडीवर जा, गणेरचं झाड पिवळ्या फुलांनी फुललंय, राजकारण जरा बाजूला ठेवा. डोकंच फिरलं. पहाटे गारवा, दुपारी भाजून काढणारं ऊन, त्यात आईला ताप, महापालिकेच्या दवाखान्यात केसपेपरला ही लाईन आणि आत खुर्ची रिकामी, डॉक्टर आज दुसऱ्या दवाखान्यात म्हणे. चिठ्ठीतली अर्धी औषधं बाहेरून आणा. २०१७च्या आरोग्य धोरणात २०२५पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के सरकारी खर्च करायचं ठरलेलं, २०२५ गेलं, पोचलो का तिथवर? हे राजकारण नाही तर काय?

एरंडवणेकर: ते मीच लिहिलं. आरोग्य राज्याचा विषय आहे, दिल्लीच्या नावाने खडे फोडू नका. माझे दोन भाऊ २०२४च्या लोकसभेपासून एकमेकांशी बोलत नाहीत, पाडव्याला आई दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढते. म्हणून म्हटलं सोडा.

टेकडीप्रेमी: गणेर राहिलाय किती? वनखात्याने सगळीकडे गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडं लावून ठेवलीत, त्यांच्याखाली धड गवतसुद्धा वाढत नाही. आणि टेकडीवरून जाणारा बालभारती-पौड फाटा रस्ता झाला की काय बघणार?

धायरीकर: दादा, रस्त्याचा वेगळा धागा काढा.

किरकटवाडीची: रस्ता कसला, पाणी बोला. जानेवारी २०२५मध्ये जीबीएस, म्हणजे हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार, आला तेव्हा आमच्याकडे विहिरीचंच पाणी होतं. शेजारच्या मुलाचे पाय गेले, त्यावरच्या आयव्हीआयजी (अँटिबॉडी) इंजेक्शनांसाठी त्याच्या वडिलांनी गाडी विकली. २०२१ला गाव पालिकेत घेतलं, कर सुरू केला, आणि मार्च २०२२पासून नगरसेवकच नव्हते! कुणाच्या दारात जायचं होतं?

एरंडवणेकर: ओबीसी आरक्षणाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात होतं म्हणून निवडणूक अडली, त्याला सरकार काय करणार.

किरकटवाडीची: प्रभाग तीन नगरसेवकांचे का चारचे हा खेळ कोर्टाने केला का? आधी आघाडीने तीनचे केले, मग महायुतीने चारचे. यात जवळजवळ चार वर्षं गेली. तुमच्या पेठेत नळाला पाणी येतं म्हणून तुम्हाला फुलं सुचतात.

एरंडवणेकर: एरंडवणे पेठेत नाही. आणि माझी बायको कोविडमध्ये बेड मिळाला नाही म्हणून गेली, तेव्हा मला शिकवू नका.

वॉर्डसिस्टर: ताई, दादा, दोघेही थांबा. मी सरकारी दवाखान्यात अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर काम करते, ऑर्डर संपली की मध्ये एक दिवस ब्रेक आणि पुन्हा नवीन, सिनियॉरिटी शून्य. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डात आम्ही दोघी. आघाडी असताना हेच होतं, महायुतीतही हेच आहे. पेशंटचे नातेवाईक अंगावर येतात ते आमच्या, ज्यांनी जागा भरल्या नाहीत त्यांच्या नाही.

किरकटवाडीची: बायकोचं माहीत नव्हतं. पण नगरसेवकांचं बोलले ते मागे घेणार नाही.

एरंडवणेकर: नकाच घेऊ. जानेवारी २०२६मध्ये निवडणूक झालीये, आता नगरसेवक आहेत ना? रिकाम्या जागा भरा असं पत्र काढा, सही करतो. त्यावर पक्षाचं नाव दिसलं तर करणार नाही.

धायरीकर: पक्षाचं नाव नसेल. पण पत्र देणं हेही राजकारणच आहे, ते सोडायला मला सांगू नका. सिस्टर, कोणत्या जागा किती वर्षं रिकाम्या आहेत ते तेवढं कळवा, मसुदा आज रात्री इथेच टाकतो.